आत्याबाईंचं न पेरलेलं धान

आमच्या सासूबाईंनी शेतीचा शोध लावला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थट्टा करत नाहीये. शेती आधी नव्हती असं थोडंच आहे? नागपूरच्या चहूकडे तेव्हाही संत्र्याचे बगीचे होते, कापूस होता, तूर होती. पण जुनी शुक्रवारी या आमच्या वस्तीत, आमच्या न्हाणीच्या मागच्या चिखलात, या बाईनं शेती पार पहिल्यापासून पुन्हा शोधून काढली. आणि मजा अशी की तिला शेती नकोच होती. शेती होऊ नये म्हणूनच तिचा सगळा आटापिटा चालला होता.

सासूबाईंचं नाव रुखमाबाई. आमच्यात सुना सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मी वच्छला, त्यांची एकुलती एक सून. अडुसष्ट साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा घरात आत्याबाई, मिलमधून रिटायर झालेले मामाजी रुपराव, आणि आमचे हे, जे आईसमोर कधी तोंड उघडत नसत. आत्याबाई बुटक्या, रुंद, आवाज असा की गल्लीच्या टोकावरचा दूधवाला आमच्या घरात आज काय बिनसलं ते सांगू शकायचा. मला तोंड नाही असं समजू नका. पण त्यांच्यापुढे माझं तोंड म्हणजे तान्ह्या पोराची किरकिर.

आता मुद्द्याचं. भाद्रपदातली ऋषिपंचमी तुम्हाला माहीत असेल. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. म्हणजे नांगरलेल्या जमिनीतलं सगळं बाद: गहू बाद, ज्वारी बाद, डाळ बाद. परसातल्या भाज्या, कंदमुळं, असलं काहीतरी खाऊन दिवस काढायचा. विटाळात शिवाशिवी झाली असेल तर त्याचा दोष यानं जातो म्हणतात. त्या दोषाबद्दल माझं मत काय आहे ते मी इथे सांगत नाही, नाहीतर छापणारा पळून जाईल.

आत्याबाईंच्या माहेरचा नेम मात्र जगावेगळा कडक. त्यांचं माहेर रामटेकच्या अलीकडचं एक खेडं. तिथल्या बायका म्हणत, बैलाचाच काय, कोणाच्याच कष्टाचं खायचं नाही. कोणी पेरलं नाही, कोणी निंदलं नाही, कोणी राखलं नाही, असंच अन्न त्या दिवशी पोटात गेलं पाहिजे. गावच्या तळ्यात आपोआप उगवणारं धान असायचं, लाल दाण्याचं, लांब कुसळाचं. त्याला देवभात म्हणायचे. देवानं पेरलेला, देवानं राखलेला.

सलग सात वर्षं हे व्रत करायचं आणि मग उद्यापन. उद्यापन झालं की बाई मोकळी. आत्याबाईंनी ते आधी दोनदा सुरू केलं होतं. एकदा पाचव्या वर्षी घरात मयत झाली, एकदा सहाव्या वर्षी तळं आटलं आणि देवभातच मिळाला नाही. तिसऱ्यांदा संकल्प केला तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. मला म्हणाल्या, "वच्छे, या बारीनं मोडलं ना, तर मले पुन्हा जमनार नाही. सांगून ठेवते. मी अशीच अर्धवट जाईन."

हे त्या इतक्या साध्या आवाजात बोलल्या की मी घाबरले. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पहिल्या वर्षी आम्ही दोघी एस्टीनं रामटेककडे गेलो, दिवाळीच्या आधी. देवभात तेव्हा पिकतो. तो वर्षभर जपून ठेवायचा आणि पुढच्या पंचमीला खायचा. आत्याबाई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या. लोंबीला हात लावला की अर्धे दाणे टपटप पाण्यात. "थांब ना मेल्या!" असं त्या धानाला ओरडत होत्या. दुपारपर्यंत आम्हाला दोन ओंजळी धान आणि माझ्या पिंडरीला चार जळवा मिळाल्या. घरी येऊन आत्याबाईंचे गुडघे सुजले ते होळीपर्यंत.

ते धान त्यांनी परसात उखळात कांडलं आणि फोलकटं न्हाणीच्या मागे फेकून दिली, त्यात काही अख्खे दाणेही गेले असणार. तिथे आमच्या आंघोळीचं पाणी साचायचं, बारमाही चिखल. पुढच्या आषाढात त्या चिखलात हिरवे कोंब वर आले.

पलीकडच्या घरातल्या कांताबाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. कांताबाई म्हणजे गल्लीचं आकाशवाणी केंद्र. म्हणाल्या, "रुखमाबाई, गवत उपटा वं, साप निंगन."

आत्याबाईंनी वाकून पात हातात घेतली, वास घेतला, आणि एकदम दोन्ही हात जोडले. "गवत नोहे कांताबाई. देवच घरी आला."

त्या वर्षी खरोखर कोणी काही केलं नव्हतं. धान आपोआप आलं, आपोआप वाढलं. आत्याबाईंनी लोंब्या खुडल्या. जे दाणे गळून चिखलात पडले ते वेचायला त्यांचे गुडघे वाकेनात, ते गल्लीतल्या कोंबड्यांनी फस्त केले. लोंबीवर जे टिकून राहिलं तेवढं घरात आलं. रामटेकची खेप वाचली. इथपर्यंत सगळं नेमात होतं.

दुसऱ्या आषाढात मी न्हाणीतून बाहेर आले तर आत्याबाई चिखलाकाठी उभ्या. मूठ पुढे धरलेली, तोंड मात्र उलटीकडे, कांताबाईंच्या कौलांकडे. बोटं हळूच उघडली. दाणे खाली पडले. मग त्या दचकल्यासारखं करून म्हणाल्या, "माय वं! सांडलं."

मी म्हटलं, "आत्याबाई, पेरून राहिल्या का?"

"पेरीन कायले? सांडलं म्हटलं ना. तुह्या हातून कधी काही सांडत नाही का? काल दूध कोणं सांडलं?"

दूध मीच सांडलं होतं.

मग दरवर्षी धान सांडायचं, अगदी नेमानं, पहिली झड लागून चिखल झाला की. आणि एकदा सांडल्यावर त्याच्या मागून एकेक गोष्ट आली. त्यात तण व्हायचं. आत्याबाई सकाळी खाली बसून ते उपटायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, गणपतीसाठी दूर्वा काढते. बरं, गणपती एकदा येतो, या दूर्वा श्रावणापासून कोजागिरीपर्यंत चालायच्या. पाणी वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी चहूबाजूंनी मातीची पाळ घातली. ती काय, तर म्हणे, "मले टेकाले ओटा." हातभर उंचीचा ओटा, चौकोनी, मधे पाणी भरलेलं! चिमण्या आल्या की त्या टाळ्या वाजवायच्या आणि वर म्हणायच्या की मी भजन म्हणते.

सगळ्यात जास्त हाल मामाजींचे झाले. उन्हं कडक पडून चिखल सुकायला लागला की आत्याबाई त्यांना संध्याकाळी पुन्हा आंघोळीला पिटाळायच्या. "घामाचा वास येऊन राह्यला तुमचा." मामाजी बिचारे लोटे ओतायचे आणि आतून ओरडायचे, "वच्छला, तुह्या सासूले विचार, झालं का पोट भरून धानाचं? मले सर्दी झाली न बापा!"

तर असं सगळं. धान मात्र असं यायचं की बघत राहावं. कुसळं आखूड झाली, लोंबी भरदार झाली, आणि दाणा वाढला. दोन ओंजळींचं शेरभर झालं, मग पायलीभर. आत्याबाईंचा हात मोठा. पंचमीच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक व्रतकरी बाईला त्या वाटीभर देवभात स्वतः नेऊन द्यायच्या. त्यात मिरवणंही होतं, खोटं कशाला बोला. वाटी घेताना बायका त्यांच्या पाया पडायच्या. कांताबाईसुद्धा. कांताबाई कोणाच्या पाया पडल्याचं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

एका वर्षी तान्ह्या पोळ्याला माझी मुलगी तिचा लाकडी बैल ओढत परसात गेली आणि बैलाची चाकं थेट धानातून नेली. आत्याबाईंनी कपाळच बडवलं. "बैल गेला वं! बैल गेला माह्या धानातून!" आमच्या गल्लीचे पुरोहित बापूजी धावत आले. त्यांनी बैल उलटा करून पाहिला, चाकं फिरवून पाहिली, आणि निकाल दिला की हा बैल कडबा खात नाही, अर्थात कष्टही करत नाही. एका कोहळ्यावर प्रकरण मिटलं. त्या दिवशी मी इतकी हसले की आत्याबाई रात्री जेवताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

असं करत सातवं वर्ष आलं. उद्यापनाची तयारी जोरात. परसात मांडव घातला. पाटावर सात सुपाऱ्यांचे सप्तर्षी आणि आठवी अरुंधती. गल्लीतल्या सगळ्या बायका नऊवारी नेसून हजर. चुलीवर शेवटचा देवभात रटरटत होता. आत्याबाईंनी लग्नातली नथ काढून घातली होती आणि चेहऱ्यावर असं काही तेज होतं की मी मनातल्या मनात त्यांना सगळं माफ करून टाकलं.

आणि मी, शहाणी, माझ्या भावाला जेवायला बोलावलं होतं.

कृष्णकांत माझा धाकटा भाऊ. कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायचा. सुट्टीत नदीकाठी कुठेतरी जुन्या वस्तीचं खोदकाम चालायचं तिथे जायचा आणि हजारो वर्षांपूर्वीच्या चुलींतली राख पोत्यात भरून आणायचा. ती राख बादलीत घोळवली की जळके दाणे वर तरंगतात, ते तो चिमट्यानं वेचायचा. आमच्या बाबांना मरेपर्यंत कळलं नाही की या मुलाला राख निवडायचा पगार का देतात. स्वभावानं सोन्यासारखा, पण कुठे काय बोलू नये याची अक्कल देवानं वाटली तेव्हा हा राखेतच बसलेला असणार.

तो आला, आत्याबाईंच्या पाया पडला, आणि वर पाहिलं. पडवीच्या आढ्याला लोंब्यांची एक जुडी टांगलेली होती, मागच्या हंगामातली, सांडायची राहिलेली.

"मावशी, हे कुठलं धान?"

"देवभात आय बापू. रामटेककडचा. आपोआप येते."

त्यानं जुडी काढली, तळहातावर आपटली. एक दाणा पडला नाही. पुन्हा जोरात आपटली. दोन पडले. खिशातून भिंग काढून त्यानं दाण्याचा देठ पाहिला, आणि मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आता हा काहीतरी बोलणार. मी मांडवातून डोळे वटारले. खुणा केल्या. चिमटा काढायला हात पुरेना, मधे कांताबाई होत्या.

"मावशी, हा देवभात नाही हो!" तो आनंदानं ओरडला. "अहो, रानातलं धान पिकलं की आपोआप गळतं. तेच त्याचं पेरणं. त्याचा देठ साफ तुटतो. तुमचं हे गळतच नाही, ओढून तोडावं लागतं, देठ बघा कसा फाटलाय! गळणारं सगळं चिमण्या-कोंबड्यांनी खाल्लं असणार, लोंबीला धरून राहिलेलं तुम्ही घरात आणलं असणार, आणि तेच पुन्हा पेरलं."

"सांडलं," आत्याबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

"सांडलं म्हणा. पुन्हा टिकलेलंच आणलं, पुन्हा सांडलं. वर्षानुवर्षं! माणसानं रानातलं धान घरचं केलं ते असंच केलं असणार, आणि बायकांनीच केलं असणार असं मी वर्गात सांगतो तर पोरं हसतात. मावशी, तुम्ही शेतीचा शोध लावलात!"

त्याला वाटलं टाळ्या पडतील.

मग कांताबाई म्हणाल्या, "म्हंजे? ही शेती व्हय? आन् आमी इतकी वर्सं शेतीचं खाल्लं?" आणि एकदम गलका उठला. कोणी म्हणे माझं पाचवं वर्ष, कोणी म्हणे मी तर निर्जळी धरली होती. एक बाई रडायलाच लागली. कालपर्यंत पाया पडणाऱ्या बायका आत्याबाईंकडे अशा पाहत होत्या, जणू त्यांनी वाटीत शेण दिलं होतं. मला इतका संताप आला की त्या आठही सुपाऱ्या उचलून एकेकीच्या डोक्यात घालाव्यात असं वाटलं. पहिली अर्थात कृष्णकांतच्या.

बापूजींनी हात वर केला. "थांबा, थांबा. नांगर लागला?"

"नाही."

"बैल लागला? लाकडी सोडून."

"नाही."

"मग झालं तर! शास्त्रात बैलाचा कष्ट वर्ज्य आहे. हातानं परसात लावलेलं चालतं. सगळ्यांचं व्रत शाबूत. चला, हळदकुंकू वाहा."

बायकांनी सुस्कारा सोडला. कांताबाईंनी तर लगेच पदर सावरून हसूही आणलं. सगळं निभावलं असं मला वाटलं. पण आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या कृष्णकांतकडेच पाहत होत्या.

"तू शिकलेला हायेस. मले खरं सांग. ही शेती आय का नाही?"

कृष्णकांतनं माझ्याकडे पाहिलं. मी मान जोरजोरात हलवली. पण त्या गाढवाला खोटं बोलता येत नाही, लहानपणीही येत नव्हतं. "शेतीच आहे, मावशी," तो पुटपुटला.

आत्याबाईंनी नथ काढून पाटावर ठेवली.

"बापूजी, या बायायचं उरकून टाका. यायले ठाऊक नव्हतं. माह्यं नोको. माह्या मायच्या घरचा नेम होता, कोनाच्याच कष्टाचं खाचं नाही. मी इतकी वर्सं कष्टाचंच खाल्लं." त्या थांबल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एक दिस बैलाले सुटी द्याची होती. म्हनून इतकी वर्सं मीच बैल झाली."

बापूजींनी खालच्या आवाजात मंत्र सुरू केले आणि बायका सुपाऱ्यांवर अक्षता टाकायला लागल्या. मामाजी, जे आयुष्यभर बायकोची थट्टा करत आले, ते उठून परसाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी आत्याबाईंना हाताला धरून पडवीत आणलं. त्या भिंतीला टेकून बसल्या. रडत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, हात मांडीवर उलटे टाकून. नखांत चिखल होता, लग्नातली नथ घातली त्या दिवशीसुद्धा सकाळी त्या दूर्वा काढून आल्या होत्या. माझा जीव तुटला. नऊ वर्षं या बाईची बोलणी खाल्ली, पण मी कधी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

मग मी स्वयंपाकघरात गेले, वाटीत तूप घेतलं, त्यात हळद कालवली, कोमट केलं, आणि त्यांच्या मागे येऊन बसले. पदर खाली करून खांद्यांना तूप चोळायला लागले. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे असेच शेकतात. वर्षभर जू वाहून ते कठीण झालेले असतात. आत्याबाईंचे खांदे तसेच होते. हात लावला की कळत होतं.

त्यांनी डोळे मिटून घेतले.

खांदे शेकून झाले की घरधनी बैलाच्या कानात त्याला जेवायचं आमंत्रण देतो. मी वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग त्यांचे खांदे माझ्या हाताखाली हलले. मला वाटलं रडल्या. पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होत्या.

"पुरनपोळी करशीन तं येतो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुरणपोळी केली. आत्याबाई त्या मातीच्या पाळीवर पाय पसरून बसल्या, आयुष्यात पहिल्यांदा पाळीवर खरोखर टेकून, आणि एकापाठोपाठ एक पोळी खात राहिल्या. धान पोटरीत आलं होतं, लोंब्या अजून पातीच्या पोटात होत्या, आणि तण अजून उरलं होतं. धानाला आपलं आपण काही करता येत नव्हतं, कृष्णकांतनंच सांगितलं होतं, आता त्याचा दाणासुद्धा माणसानं तोडल्याशिवाय खाली पडत नाही. मग काय करणार? कोणीतरी उतरायलाच हवं होतं. मी लुगडं खोचलं आणि चिखलात उतरले.

"तन ओढ वं, वच्छे!" आत्याबाई तोंडातल्या घासासकट ओरडल्या. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला असेल. "धान काहून ओढून राह्यली?"